नियम २०२५चा, फोटो २०१८चा: घरट्यांच्या जुन्या फोटोंवर आता कारवाई करावी का?

कवड्या_धीवर (धागाकर्ता)

नमस्कार मंडळी. प्रश्न पक्ष्यांच्या फोटोंच्या एका मराठी फेसबुक गटाबद्दल आहे. गटाला जोडून टेलिग्रामवरही एक छोटा गट आहे. सुरुवातीपासून नियम मोजकेच होते: फोटो स्वतःचा हवा, पक्ष्याचं नाव लिहायचं, भांडायचं नाही. १ जानेवारी २०२५ पासून त्यात भर घातली. घरटी, अंडी, पिल्लं यांचे फोटो बंद. आमिष दाखवून किंवा पक्ष्याच्या आवाजाची टेप वाजवून काढलेले फोटो बंद. रानपिंगळा, शृंगी घुबड, तिबोटी खंड्या वगैरेंची नेमकी जागा लिहिणं बंद. तीन स्ट्राइक (नियम मोडल्याच्या नोंदी) झाले की गटाबाहेर.

आता एका सदस्याने मागची सगळी वर्षं चाळून नवे नियम मोडणाऱ्या जुन्या पोस्टींची भली मोठी यादी केली आहे. त्या पोस्टींचे स्ट्राइक आजच मोजा, असं त्याचं म्हणणं. तसं केलं तर गटातले सगळ्यात जाणते आठ-दहा जण एका दिवसात बाहेर जातील. त्यांतले दोघे आज नियंत्रक आहेत. यादीत एक प्रकरण वेगळं आहे: २०२१च्या स्पर्धेत बक्षीस मिळालेला घुबडाचा फोटो आमिष टाकून काढल्याचा संशय आहे, आणि आमिष चालणार नाही हे स्पर्धेच्या अटींत तेव्हाही लिहिलेलं होतं.

स्ट्राइक द्यायचे का? फोटो उडवायचे का? बक्षिसाचं काय करायचं?

---

वेडा_राघू

यादी एक असली तरी प्रकरणं चार जातींची आहेत. आधी चार गठ्ठे करा, मग निर्णय आपोआप सुटे होतील.

पहिला गठ्ठा: तेव्हा चालत होतं, आता चालत नाही. २०१८चा सुगरणीच्या घरट्याचा फोटो इथे येतो. स्ट्राइक शून्य. राज्यघटनेच्या कलम २०(१)चा गाभा हाच आहे: कृती घडली त्या वेळी जो कायदा लागू होता तो मोडला असेल तरच दोषी, आणि शिक्षाही तेव्हा होती त्याहून जास्त नाही. हे कलम सरकारला आणि फौजदारी कायद्याला लागू आहे, फेसबुक गटाला नाही. पण त्यामागचं कारण गटालाही लागू पडतं. जो नियम अस्तित्वातच नव्हता तो पाळणार कसा?

मात्र फोटो काढून टाकणं ही शिक्षा नव्हे. आज गटात काय दिसावं हे आजच्या नियमाने ठरतं. फोटो काढा, माणसाच्या नावावर काही लिहू नका. निरोप दोन ओळींचा पुरे: 'तुमची अमुक तारखेची पोस्ट नव्या नियमामुळे काढत आहोत. तेव्हा ती नियमात बसत होती, त्यामुळे तुमच्या नावावर काही नोंद होणार नाही.' दुसरं वाक्य गाळलंत तर जुने सदस्य दुखावणार हे नक्की.

दुसरा गठ्ठा: तेव्हाही चालत नव्हतं, पण कळलं आता. तुमचं बक्षीस इथे येतं. ह्याला पूर्वलक्षी शिक्षा (नवा नियम मागच्या काळाला लावून दिलेली) म्हणणंच चूक. नियम जुनाच, नवा आहे तो फक्त पुरावा. खेळांत हेच चालतं. २००८च्या बीजिंग ऑलिंपिकचे साठवलेले नमुने २०१६मध्ये नव्या पद्धतीने तपासले आणि पदकं परत घेतली गेली. पदार्थ तेव्हा बंदी असलेलाच हवा, शिक्षाही तेव्हाच्या नियमाने, फक्त मागे किती वर्षं जायचं त्याला मर्यादा. उत्तेजकविरोधी जागतिक संहितेत ती आधी ८ वर्षं होती, २०१५पासून १० झाली. तुम्हीही मर्यादा ठरवा. फोटोस्पर्धेला ५ वर्षं भरपूर झाली.

तिसरा गठ्ठा: नियम होता, नियंत्रकांनी पाहिलं आणि सोडून दिलं. दुसऱ्याचा फोटो ढापलेली २०१९ची पोस्ट, आणि खाली खुद्द नियंत्रकाची 'अप्रतिम!' अशी प्रतिक्रिया. अशा पोस्टीवर आज स्ट्राइक देता येणार नाही. तेव्हा तुम्हीच ती मान्य केली होती. मूळ फोटोग्राफरने तक्रार केली तर पोस्ट काढा, एवढंच.

चौथा गठ्ठा: कृती जुनी, पण नुकसान आजही चालू. शृंगी घुबडाची जोडी वर्षानुवर्षं त्याच कड्याला धरून राहते. २०१९मध्ये 'मंदिराच्या मागच्या खाणीत, उजवीकडची कपार' असं कुणी लिहिलं असेल, तर ते वाक्य पुढच्या विणीच्या हंगामातही माणसं तिथे पोचवणार. असा मजकूर आजच काढा, विचारत बसू नका, आणि निरोप नंतर पाठवा. स्ट्राइक इथेही नाही. काढल्यावर त्याने पुन्हा टाकला तर मात्र ते आजचं उल्लंघन, आणि त्याचा स्ट्राइकही आजचा.

तारखेचा घोळ होतोच, म्हणून आधीच लिहून ठेवा. फोटो काढल्याची तारीख आणि टाकल्याची तारीख वेगळ्या असतात. नियम 'टाकू नये' असा असेल तर टाकल्याची तारीख धरायची. २०१७चा घरट्याचा फोटो आज कुणी टाकला तर तो आजचा गुन्हा. फेसबुकच्या 'मेमरीज'मधून आलेला जुना फोटो पुन्हा शेअर करणं हीसुद्धा नवी पोस्टच असते, आणि निम्मी भांडणं नेमकी इथे होतात. पहिल्या वेळी फक्त आठवण करून द्या.

अवांतर: तुमचे स्ट्राइक कधी पुसले जातात का? नसतील तर तेही ठरवा. १२ महिन्यांनी स्ट्राइक गळून पडत असेल, तर २०१८चा स्ट्राइक तेव्हाच दिला असता तरी आज उरला नसता. मग यादीतल्या बहुतेक पोस्टींबद्दल वादच संपतो.

---

नवरंग_आणि_पाऊस

राघूंच्या पहिल्या गठ्ठ्याशी असहमत. गटाचा नियम २०२५चा असेल, पण वन्यजीव (संरक्षण) अधिनियम १९७२चा आहे. त्याच्या कलम २(१६)मधल्या 'शिकारी'च्या व्याख्येत वन्य पक्ष्यांच्या अंड्यांना किंवा घरट्यांना उपद्रव देणंही येतं. 'तेव्हा चालत होतं' म्हणजे फक्त गटात चालत होतं.

तिबोटी खंड्याच्या घरट्यावर काय चालतं ते ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी. हा पक्षी पावसाळ्यात ओढ्याकाठच्या मातीच्या भिंतीत बीळ करतो. बिळाच्या तोंडावर लोंबणारी मुळं आणि नेची फोटोत आडवी येतात म्हणून ती छाटतात. समोर शेवाळलेली 'सुंदर' फांदी रोवतात, म्हणजे पक्षी आधी तिच्यावर बसतो. माणसं हटेपर्यंत आई-बाप चोचीत सरडा धरून ताटकळतात, आणि पिल्लांची एकेक पाळी चुकत जाते. छाटल्यामुळे बीळ उघडं पडतं, पावसाची झड आत जाते, सापाला वाट मोकळी होते. हे २०१८मध्येही चूकच होतं आणि करणाऱ्याला ते कळत होतं. असा माणूस आज नियंत्रक म्हणून दुसऱ्यांना नियम शिकवणार?

---

कलमबहाद्दर

नवरंग, व्याख्या बरोबर सांगितलीत. पण तिचा निष्कर्ष तुमच्या बाजूने निघत नाही.

गुन्हा उपद्रव देण्याचा आहे, फोटोचा नाही. रस्त्याकडेच्या बाभळीवरची सुगरणीची वसाहत लांब लेन्सने टिपली तर कसला उपद्रव? प्रत्येक घरट्याचा फोटो म्हणजे गुन्हा असं धरून स्ट्राइक देणार असाल, तर तुम्ही कायदा लावत नाही आहात, २०२५चा नियमच मागे नेत आहात.

खरोखर छाटलेल्या बिळाचा पुरावा असेल तर तो वनखात्याचा विषय. महाराष्ट्रात १९२६ ही 'हॅलो फॉरेस्ट' हेल्पलाइन त्यासाठीच आहे. तिथेही काळाचं भान आहे, ते पाहा. २०२२च्या दुरुस्तीने (लागू १ एप्रिल २०२३) सर्वसाधारण गुन्ह्यांचा कमाल दंड २५ हजारांवरून १ लाख झाला. पण २०१८च्या कृतीला २५ हजारांचीच मर्यादा, कारण कलम २०(१). शिवाय कमाल ३ वर्षं कैदेच्या गुन्ह्याची दखल न्यायालयाने ३ वर्षांच्या आत घ्यावी लागते. आधी हे दंड प्रक्रिया संहितेच्या कलम ४६८मध्ये होतं, आता नागरिक सुरक्षा संहितेच्या ५१४मध्ये आहे. अनुसूची १मधल्या, म्हणजे सर्वाधिक संरक्षण असलेल्या, प्राण्यांबाबत शिक्षा ७ वर्षांपर्यंत जाते, तिथे ही मुदत नाही. म्हणजे खुद्द कायदाही 'लहान जुनं सोडा, मोठं जुनं सोडू नका' असंच म्हणतो.

नियंत्रकांबाबत मात्र तुमच्याशी सहमत, वेगळ्या कारणाने. सदस्यत्व काढणं ही शिक्षा, पण नियंत्रकपद हा विश्वासाचा मामला. पद देताना किंवा चालू ठेवताना मागचं वागणं पाहायला हरकत नाही. त्यासाठी स्ट्राइकचं निमित्त लागत नाही.

अजून एक बाजू कुणी काढत नाही. पूर्वलक्षी प्रभाव माणसाच्या फायद्याचा असेल तर तो द्यावा. सर्वोच्च न्यायालयाने १९६४च्या रतनलाल विरुद्ध पंजाब राज्य प्रकरणात सौम्य झालेल्या कायद्याचा लाभ जुन्या आरोपीला दिला. पूर्वी कॅमेरा-विक्रीची जाहिरात टाकली म्हणून कुणाला कायमचं काढलं असेल आणि आज त्याच चुकीला एक स्ट्राइक असेल, तर त्या माणसांना परत बोलवा. जुनी पानं उलटायचीच असतील तर दोन्ही बाजूंनी उलटा.

आणि ती यादी जाहीर करू नका. नावांसकट 'शिकारी' म्हणून छापलीत तर बदनामीचं प्रकरण अंगाशी येईल, तेही तुमच्याच.

---

माळटिटवी

बक्षिसाच्या फोटोबद्दल. जुन्या फोटोवरून नेमकं काय सिद्ध होतं आणि काय होत नाही, हे आधी पाहू. इथेच सगळ्यात जास्त निरपराध माणसं भरडली जातात.

टेप वाजवली होती का, हे स्थिर फोटोवरून कळत नाही. नवरंग पक्षी चोच उघडून, मान ताणून ओरडताना दिसला म्हणून टेप सिद्ध होत नाही. पावसाच्या तोंडावर तो पहाटे-संध्याकाळी आपणहूनच ओरडतो. व्हिडिओ असेल तर शक्यता आहे. आवाज ऑडेसिटी या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये उघडून त्याचा वर्णपट पाहा. जिवंत पक्ष्याच्या दोन हाका कधी तंतोतंत सारख्या नसतात, टेपच्या असतात, आणि मधलं अंतरही ठरावीक असतं.

चोचीत अळी असली म्हणजे जवळच घरटं आहे असंही नाही. वेडा राघू पक्षी स्वतःच्या जेवणाची माशीसुद्धा फांदीवर आपटतो. चोचीत पिल्लाच्या विष्ठेची पांढरी पिशवी असेल तर घरटं जवळ आहे हे नक्की, पण फोटोग्राफर किती जवळ होता ते त्यातून कळत नाही.

अंतर काढायचं तर हिशेब सोपा आहे. पूर्ण फ्रेमच्या सेन्सरची रुंदी ३६ मिमी. ६०० मिमी लेन्सने १० मीटरवरून सुमारे ६० सेंमी रुंदीचा भाग फोटोत येतो. १३ सेंमीचा तिबोटी खंड्या त्यात चौकटीच्या साधारण पाचव्या हिश्श्याइतका दिसेल. त्याने अर्धी चौकट भरली असेल तर एकतर फोटो कातरला आहे किंवा माणूस ४-५ मीटरवर होता. कोणतं खरं, ते मूळ रॉ फाइलच (कॅमेऱ्यातली प्रक्रिया न केलेली फाइल) सांगेल. फेसबुक फोटोतली एक्झिफ माहिती (तारीख, लेन्स, जागा वगैरे फाइलमध्ये दडलेल्या नोंदी) काढून टाकतं, त्यामुळे पोस्टवरून काहीही मोजू नका. रॉ मिळाली तरी कॅमेऱ्याचं घड्याळ चुकीचं लावलेलं असू शकतं. तेवढ्या एका तारखेवर कुणाला लटकवू नये.

आमिषाचा सगळ्यात पक्का पुरावा म्हणजे पांढरा उंदीर. तो दुकानातला, रानात नसतो. त्याखालोखाल, वेगवेगळ्या माणसांच्या वेगवेगळ्या तारखांच्या फोटोंत तीच फांदी, तोच कोन आणि पक्षी दर वेळी थेट कॅमेऱ्याच्या दिशेने खाली येतोय. एकट्या फोटोवरून हे ठरत नाही, पाच-सहा शेजारी ठेवले की दिसतं.

बक्षीस परत घेण्याची पद्धत लंडनच्या नॅचरल हिस्टरी म्युझियमच्या 'वाइल्डलाइफ फोटोग्राफर ऑफ द इयर' स्पर्धेत पाहा. २००९चा विजेता लांडग्याचा फोटो जानेवारी २०१०मध्ये रद्द झाला, कारण लांडगा पाळीव असण्याची दाट शक्यता परीक्षकांना पटली. २०१७च्या एका विभागातला मुंगीखाऊ एप्रिल २०१८मध्ये बाद झाला. तो भुसा भरलेला असल्याचा संशय होता. पाच तज्ज्ञांनी एकमेकांशी न बोलता दोन प्रतिमा ताडल्या आणि पाचही जण एकाच निष्कर्षाला आले. फोटोग्राफरने आरोप नाकारला, तेही जाहीर झालं. दोन्ही वेळा अट आधीपासूनची होती.

तुमच्याकडे पाच नाही तर तीन माणसं पुरतील, गटाबाहेरची, ज्यांना फोटोग्राफरचं नाव सांगितलेलं नाही अशी. रॉ फाइल आणि तिच्या आगेमागचे दहा-दहा फोटो मागा. पंधरा दिवस द्या. 'हार्ड डिस्क उडाली' हे उत्तर २०२१च्या फोटोबाबत खरंही असू शकतं. म्हणून फाइल नाही एवढ्यावर बक्षीस काढू नका, पण तिघांचंही मत आमिषाकडे झुकत असेल तर काढा. रद्द झालं तर क्रमांक दोनला वर घ्यायचं की जागा रिकामी ठेवायची, हे निकालाच्या आधी ठरवा. नंतर ठरवलंत तर क्रमांक दोनवाल्यावरच संशय येतो.

---

कवड्या_धीवर (धागाकर्ता)

धन्यवाद, बरंच सुटं झालं. दोन शंका. यादीतले दोघे नियंत्रक स्वतःच्याच पोस्टींवर निर्णय कसा घेणार? आणि 'सगळ्यांना एकदाच माफी' असं जाहीर करावं, अशीही सूचना आली आहे. करावं का?

---

वेडा_राघू

पहिल्याचं उत्तर सोपं: यादीत नाव असलेल्याने यादीतल्या कुठल्याच पोस्टीला हात लावायचा नाही, दुसऱ्याच्याही नाही. आणि टेलिग्रामवर कोणी काय काढलं याची 'रीसेंट अॅक्शन्स' नोंद फक्त ४८ तास दिसते. त्यामुळे गुपचूप साफसफाई झाली तर तिसऱ्या दिवशी पुरावाच उरत नाही. काम सुरू करण्याआधी एक तक्ता उघडा: पोस्टची लिंक, टाकल्याची तारीख, गठ्ठा क्रमांक, काय केलं, कोणी केलं. पोस्ट काढण्याआधी तिचा स्क्रीनशॉट. तक्ता सगळ्या नियंत्रकांना दिसेल, बदलता येईल फक्त दोघांना.

---

गुंठेवारी_पोपट

माफीबद्दल. महाराष्ट्रात राहून हे कुणी शिकवायला नको. झोपड्यांची कट-ऑफ तारीख १ जानेवारी १९९५ होती, ती १ जानेवारी २००० झाली. गुंठेवारी नियमाधीन करायची तारीख १ जानेवारी २००१ होती, ती ३१ डिसेंबर २०२० झाली. एकदा तारीख सरकली की पुढचा माणूस तिसऱ्या तारखेची वाट पाहत बांधकाम करतो.

तुमच्याकडे मात्र एक सोय आहे. तुमची तारीख नियमाबरोबर आपोआप आलेली आहे: ३१ डिसेंबर २०२४. त्याआधीच्या पहिल्या गठ्ठ्याला माफी द्यायचीच नाही, कारण तिथे गुन्हाच नाही. 'माफ केलं' म्हणालात तर आठ-दहा जण म्हणतील, 'आम्ही केलं काय होतं?' बरोबरच म्हणतील.

माफी लागते ती दुसऱ्या गठ्ठ्याला, आणि तीही फुकट देऊ नका. मुद्रांक शुल्काच्या २०२३च्या अभय योजनेसारखी मुदतीची ठेवा: ३० दिवसांत ज्याने स्वतःहून सांगितलं की अमुक फोटो आमिषाचा होता, त्याचा फोटो काढायचा, बक्षीस असेल तर परत, पण स्ट्राइक नाही आणि जाहीर वाच्यता नाही. मुदत संपल्यावर सापडला तर तेव्हाच्या अटींत जी शिक्षा होती ती पूर्ण. एक पळवाट बुजवा: ज्याची चौकशी आधीच सुरू झाली आहे, त्याला अभय नाही. नाहीतर तुमचा घुबडवाला पत्र मिळाल्यावर एकोणतिसाव्या दिवशी कबुली देईल. आणि मुदत वाढवू नका. ३१व्या दिवशी 'मी गावाला गेलो होतो' म्हणणारा येणारच.

---

नवरंग_आणि_पाऊस

पदाबद्दलचं कलमबहाद्दरांचं म्हणणं मान्य, स्ट्राइकचा आग्रह सोडते. पण चौथ्या गठ्ठ्याची सफाई अर्धवट होऊ देऊ नका. नुसता मजकूर काढून जागा लपत नाही.

प्रतिक्रियांमध्ये 'कुठे?'ला दिलेली उत्तरं शोधा. जागा बहुतेक वेळा तिथेच असते, पोस्टमध्ये नाही. गटाच्या शोधपेटीत 'लोकेशन', 'पिन', 'मॅप्स', 'कुठे आहे', शिवाय गावांची आणि खाणींची नावं टाकून पाहा. त्याच दिवशीच्या त्याच सदस्याच्या बाकीच्या पोस्टी पाहा. घुबडाच्या फोटोत जागा नाही, पण सकाळच्या चहाच्या फोटोत ढाब्याची पाटी आहे, असं सर्रास असतं. टेलिग्रामवर मूळ दर्जा राहावा म्हणून लोक फोटो 'फाइल' म्हणून पाठवतात. त्यात एक्झिफ तसंच जातं, जीपीएससकट. मोबाइलवर काढलेल्या फायली आधी तपासा, कारण त्यांत जीपीएस असण्याची शक्यता सगळ्यात जास्त.

जागा पूर्ण पुसायची नसेल तर ढोबळ ठेवा. आयनॅचरलिस्ट हे जीवांच्या नोंदींचं संकेतस्थळ धोक्यातल्या प्रजातींची जागा ०.२ अंश बाय ०.२ अंशांच्या चौकोनात कुठेतरी दाखवतं. तुम्ही 'जिल्हा आणि महिना' एवढं ठेवलंत तरी नोंद म्हणून फोटोची किंमत टिकते. आणि सुरुवात यादीच्या वरून करू नका. शृंगी घुबडाच्या पोस्टी पहिल्यांदा घ्या, पावसाळा संपेपर्यंत संपवा. थंडीत ती विणीला लागतात.